उतरलेली बॅटरी आणि पेरणीची घाई : ट्रॅक्टर सुरक्षितपणे सुरू करण्याची पद्धत

मृगाच्या सरी पडतात, जमिनीला वाफसा येतो आणि नेमक्या त्याच सकाळी उन्हाळाभर उभा असलेला ट्रॅक्टर किल्ली फिरवताच ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसतो. उत्तरेकडे गव्हाच्या हंगामात थंडीमुळे हीच वेळ येते. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनातील तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवण्यास अधिक जोर लागतो. वाफसा फार दिवस टिकत नाही. त्यामुळे शेजारचा ट्रॅक्टर किंवा पिकअप आणून, केबलने दोन्ही बॅटऱ्या जोडून इंजिन सुरू केले जाते. ‘जंप स्टार्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत योग्य क्रमाने केल्यास सुरक्षित आहे. अपघात होतात ते बहुधा घाईने गाळलेल्या एखाद्या पायरीमुळे.

धोका कशाचा?

१२ व्होल्टच्या बॅटरीचा सहसा विजेचा झटका बसत नाही; म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु शिसे-आम्ल बॅटरी भारित होत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॅटरीचे कवच फुटून सल्फ्युरिक आम्ल चेहऱ्यावर उडाल्यास डोळे कायमचे जाऊ शकतात. केबलची शेवटची जोडणी करताना ठिणगी पडण्याची शक्यता असते. ती ठिणगी बॅटरीपासून दूर पडावी, यासाठीच जोडणीचा क्रम ठरलेला आहे.

जोडणीपूर्वीची तपासणी

प्रथम बॅटरीची टोके पाहावीत. अनेकदा बॅटरी ठीक असते. टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर किंवा सैल पकड हेच खरे कारण असते. कवचाला तडा असेल, आम्ल गळत असेल किंवा बॅटरी फुगलेली असेल, तर जंप स्टार्ट करू नये, बॅटरी बदलावी. पाणी भरण्याच्या बॅटरीत पट्ट्या उघड्या दिसत असल्यास आधी त्या बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालावे.

मदतीचे वाहनही १२ व्होल्टचेच असावे. अनेक मालमोटारींची विद्युतप्रणाली २४ व्होल्टची असते. तिची जोडणी ट्रॅक्टरला कदापि देऊ नये. दोन्ही वाहने एकमेकांना स्पर्श न करता उभी करावीत. गिअर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक लावलेला, पी.टी.ओ. बंद, दिवे बंद आणि किल्ल्या काढलेल्या असाव्यात. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे, डोळ्यांवर चष्मा लावावा आणि विडी-सिगारेट जवळपासही नसावी. डिझेल इंजिनाचा स्टार्टर काहीशे अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून जाड तांब्याची केबल आणि घट्ट पकडीचे चिमटेच वापरावेत. घरगुती वायरिंगची तार वापरल्यास ती तापून वितळते.

जोडणीचा क्रम

हा क्रम ऋण टोक चासीला जोडलेल्या ट्रॅक्टरसाठी आहे. आजचे बहुतेक ट्रॅक्टर याच प्रकारचे असतात.

१. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन (+) टोकाला जोडावे.
२. लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला जोडावे.
३. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण (–) टोकाला जोडावे.
४. काळ्या केबलचे शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनावरील रंग नसलेल्या जाड धातूच्या भागाला जोडावे. ही जागा बॅटरी, डिझेलची नळी आणि फिरता पंखा यांपासून दूर असावी. उतरलेल्या बॅटरीच्या ऋण टोकाला ते जोडू नये.

मदतीच्या वाहनाचे इंजिन सुमारे पाच मिनिटे चालू ठेवावे. त्यानंतर चालकाने आसनावर बसून, क्लच दाबून किल्ली फिरवावी. एका वेळी १० सेकंदांहून अधिक काळ स्टार्टर फिरवू नये. दोन प्रयत्नांत किमान एक-दोन मिनिटांचे अंतर ठेवावे. तीन-चार प्रयत्नांतही यश न आल्यास दोष अन्यत्र आहे, असे समजून थांबावे. इंजिन सुरू झाल्यावर केबल नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत वेगळी सूचना असल्यास तीच पाळावी.

‘डायरेक्ट’ची सवय घातक

जमिनीवर उभे राहून स्टार्टरची दोन टोके पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने जोडून ट्रॅक्टर ‘डायरेक्ट’ करण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. असे केल्याने क्लच व न्यूट्रलशी जोडलेली सुरक्षा-व्यवस्था निष्प्रभ होते. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर क्षणात पुढे सरकतो आणि मागील चाकासमोर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला होण्यास अवधीच मिळत नाही. वाचलेली पाच मिनिटे जिवावर बेतू शकतात. ट्रॅक्टर आसनावरूनच सुरू करावा.

पुन्हा वेळ येऊ नये म्हणून

सुरू झालेला ट्रॅक्टर लगेच बंद करू नये. तथापि, केवळ इंजिन चालवून पूर्ण उतरलेली बॅटरी लवकर भरत नाही. ती चार्जरवर सावकाश भारित करणे हितावह असते. ७५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीस सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह पुरेसा होतो. विश्रांतीनंतर पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपासचे मोजमाप ती बरीच उतरल्याचे सांगते. टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत, मात्र ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. हंगामानंतर ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असल्यास ऋण टोक सोडवून ठेवावे व महिन्यातून एकदा बॅटरी भारित करावी. केबल काढताना नेहमी ऋण टोक आधी आणि बसवताना शेवटी हाताळावे. आम्ल डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्व मेळाव्यात हा क्रम प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर करून दाखवावा आणि शेतकऱ्यांकडूनही एकदा करवून घ्यावा. केबलचे चौथे टोक बॅटरीला न लावता इंजिनाला का लावायचे, हे ज्याला उमगले तो ऐन घाईतही ते चुकीच्या जागी लावणार नाही.