मोटार लहान, साचा महाग

१९५० च्या दशकात अमेरिकेत नवी गाडी बघायला एखादं कुटुंब शोरूममध्ये गेलं, की विक्रेता पोराच्या हातात प्लॅस्टिकची एक छोटी मोटार ठेवायचा. ती त्याच वर्षीच्या मॉडेलची असायची आणि रंगही कंपनीच्या रंगपत्रकातलाच. पोरगं खूश आणि घरी दिवसभर बापाच्या डोळ्यांसमोर तीच गाडी! 'प्रोमो' नावाने ओळखली जाणारी ही मॉडेलं खरं तर जाहिरातीचं साहित्य होतं. आज जगभरात लाखो लोक सुट्या भागांपासून ज्या छोट्या मोटारी जोडतात आणि जमवतात, त्या छंदाचं एक मोठं मूळ या फुकटच्या भेटींमध्ये आहे.

डेट्रॉइटच्या परिसरात १९४८ मध्ये सुरू झालेली एएमटी ही कंपनी प्रोमोच्या धंद्यात आघाडीवर होती. नावातला 'ए' अ‍ॅल्युमिनियमचा, पण कंपनी लवकरच प्लॅस्टिककडे वळली. सुरुवातीचं प्लॅस्टिक अ‍ॅसिटेटचं होतं आणि ते काही वर्षांनी वाकायचं. त्या काळातली केळ्यासारखी कमान झालेली फोर्ड किंवा शेवरोले आजही जुन्या संग्रहांत दिसते. पुढे पॉलिस्टायरीन आलं आणि ही कटकट मिटली.

खरी कल्पना सुचली ती १९५८ मध्ये. प्रोमोसाठी बॉडीचा साचा तयारच होता आणि त्याचा खर्चही वसूल होत होता. मग तीच बॉडी न जोडता डब्यात भरून, सोबत चाकं, बंपर आणि सजावटीचे जादा भाग देऊन विकली तर? एएमटीने 'थ्री इन वन' किट बाजारात आणलं. एकाच डब्यातून शोरूममधल्यासारखी, हौसेने नटवलेली किंवा शर्यतीची, अशी हवी ती गाडी बनवता येऊ लागली. मोटारींवर जीव टाकणाऱ्या पण परवान्याचं वय न झालेल्या अमेरिकन मुलांनी ही किटं अक्षरशः उचलली. कॅलिफोर्नियातली रेवेल आणि शिकागोची मोनोग्राम या कंपन्याही मैदानात होत्याच. रेवेलने तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जुन्या काळातल्या मोटारींची 'हायवे पायोनियर्स' ही मालिका काढली होती.

या छंदातलं जवळपास प्रत्येक कोडं शेवटी साच्यापाशी येऊन सुटतं. कोणत्या गाडीचं किट मिळतं, कोणत्या गाडीचं मिळत नाही, कोणत्या डब्याला सोन्याचा भाव येतो, या सगळ्याची उत्तरं पोलादात कोरलेली असतात.

भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये काम केलेल्या कुणाहीसमोर असं किट उघडून ठेवलं, तर त्याला काहीच समजावून सांगावं लागणार नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीत, म्हणजे रनरमध्ये, अडकलेले भाग. जिथून वितळलेलं प्लॅस्टिक आत शिरलं तो गेट. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे उमटलेली बारीक रेघ. जाड जागी थंड होताना पडलेला खळगा. त्यातही बॉडी सगळ्यांत अवघड. मोटारीच्या बाजू खाली आत वळतात, दारांवर आडव्या पट्ट्या असतात, पुढे-मागे दिव्यांच्या खोबणी असतात. दोन भागांच्या साध्या साच्यातून असा आकार निघणारच नाही, अडकून बसेल. म्हणून बॉडीच्या साच्याला बाजूंनी सरकून बाहेर येणारे वेगळे भाग लागतात. ते जिथे एकमेकांना भिडतात, नेमक्या तिथेच फेंडरवरून आणि छताच्या कडेने बारीक उंचवटा राहतो. नवशिक्याला तो दिसत नाही. रंग मारल्यावर मात्र दिसतो, आणि मग झोप उडते.

असे साचे बनवणं म्हणजे किटच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा खर्च. त्यामुळे १९६० च्या दशकातल्या अमेरिकन कंपन्या दरवर्षी नवा साचा करण्याऐवजी जुनाच बदलून घेत. खऱ्या गाडीची जाळी बदलली, मागचे दिवे बदलले, की साच्यातही तेवढाच भाग नव्याने कोरायचा. व्यवहार चोख, पण परिणाम कायमचा. पुढच्या वर्षीची गाडी साच्यात आली, की मागच्या वर्षीची त्यातून पुसली गेली. ती पुन्हा ओतायची सोयच उरली नाही. म्हणूनच त्या काळातली काही वार्षिक किटं आज सीलबंद डब्यात मिळाली, तर संग्राहक खिशाकडे बघत नाहीत. उलट जे साचे बदलले गेले नाहीत, त्यांतली किटं साठ वर्षांनंतरही नव्या डब्यात येतात. कंपन्यांची मालकी बदलत गेली. एएमटी १९७८ मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नीकडे गेली, मग अर्टलकडे, आणि आता राउंड टू या कंपनीकडे आहे. मालक बदलले तरी पोलाद तेच राहिलं. आज घेतलेल्या डब्यात आजोबांच्या वयाच्या साच्यातून निघालेली गाडी असू शकते.

जपानमधल्या शिझुओका शहराची गोष्टही साच्याचीच, पण वेगळ्या वळणाची. लाकूडकामाची परंपरा असलेलं हे शहर आज प्लॅस्टिक मॉडेलांची राजधानी समजलं जातं. टामिया, आओशिमा, फुजिमी या किट कंपन्या इथल्याच, आणि हासेगावा शेजारच्या याइझूची. दर मे महिन्यात इथे हॉबी शो भरतो. शहरात तर किटच्या चौकटीत अडकवल्यासारखी दिसणारी एक टपालपेटीही आहे.

टामियाची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीतून झाली. लाकडी मॉडेलं बनवता बनवता कंपनीने १९६० मध्ये यामातो युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक किट काढलं आणि हात पोळून घेतले. प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात आणली आणि महागड्या साच्याचा खर्च अंगावर आला. सावरायला मदत केली ती प्लॅस्टिक खेळण्यांच्या एका जुन्या साच्याने. तो योगायोगाने हाती लागला, त्यातून 'बेबी रेसर' नावाच्या छोट्या शर्यतीच्या मोटारी ओतल्या आणि त्या खपल्या. पुढे कंपनीने साचे बाहेरून करून घेणं कमी करत स्वतःचा साचेविभाग उभा केला. टामियाच्या किटमधले भाग एकमेकांत सहज बसतात, याचं कौतुक जगभर होतं. त्यामागे हा निर्णय आहे.

कंपनी पुढे नेणारे शुनसाकू टामिया माहितीसाठी कोणत्याही थराला जायचे. १९७० च्या दशकात ९११ वरच बेतलेल्या पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीचं मॉडेल करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मोजमापांसाठी ती सुटी सुटी करून टाकली. सगळे भाग परत जोडायला पोर्शेच्या जाणकार तंत्रज्ञांना बोलवावं लागलं! १९७६ मध्ये आलेली रेडिओवर चालणारी ९३४ तुफान गाजली, आणि ती खरी गाडी कंपनीने मुख्यालयात जपून ठेवली.

एवढी मोजमापं घेतल्यावर मॉडेल म्हणजे खऱ्या गाडीचा हुबेहूब आकसलेला नमुना, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नसतं, आणि नसावंही. मोटारींच्या किटमध्ये १/२४ आणि १/२५ ही प्रमाणं सर्वांत रुळलेली. १/२४ मध्ये खऱ्या गाडीचे दोन फूट म्हणजे मॉडेलवर एक इंच. मारुती ८०० या प्रमाणात चौदा सेंटिमीटरही भरणार नाही. आता दाराच्या फटीचं बघा. खऱ्या गाडीवर ती चार मिलिमीटर असेल, तर मॉडेलवर एक मिलिमीटरचा जेमतेम सहावा हिस्सा. इतकी बारीक रेघ कोरली, तरी रंगाच्या पहिल्याच हातात बुजून जाईल. म्हणून साचेकार ती मुद्दाम रुंद आणि खोल करतो. रंगाचंही तेच. मॉडेलवरचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड थर खऱ्या गाडीच्या हिशेबाने जवळपास अडीच मिलिमीटरचा होतो. चंदेरी रंगातली चमकी तर १/२४ गाडीवर बुंदीएवढी दिसू लागते. त्यामुळे मॉडेलवाले अतिशय बारीक कणांचे खास रंग वापरतात. डोळ्याला खरं वाटावं म्हणून मापात खोटं करायचं, ही या कलेतली खरी खुबी.

बनवणाऱ्याच्या टेबलावर हे सगळं कसं घडतं, ते पाहण्यासारखं असतं. भाग चौकटीतून ओढून तोडायचे नसतात. निपरने थोडं लांबून कापायचं, मग उरलेला कोंब हळूच छाटून कानशीने सपाट करायचा. चिकटवायचं द्रव्य गोंद नसतंच. ते पाण्यासारखं पातळ असतं. दोन भाग एकमेकांना भिडवून फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवलं, की ते आपोआप आत धावतं, प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन्ही भाग एकजीव करतं. जरा जास्त झालं तर बोटाचा ठसा कायमचा छतावर. मग प्रायमर, पाणी लावून घासणं, एअरब्रशने रंगाचे पातळ हात, पाण्यात भिजवून सरकवायची डिकॅलं, क्लिअर कोट आणि शेवटी पॉलिश. काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांसाठी कागदापेक्षाही पातळ अशी धातूची चिकट पन्नी मिळते. ती लावायची, काडीने दाबून बसवायची आणि नव्या ब्लेडने कडा कापायच्या. ब्लेड नवंच हवं; जुन्याने पन्नी फाटते आणि खालचा रंगही ओरखडतो. नुसती बॉडी आरशासारखी करायला कित्येक संध्याकाळी जातात. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

संग्राहकांची दुनिया थोडी निराळी. त्यांतले काही डबा उघडतच नाहीत. हापूसची पेटी न फोडता सांभाळण्यातला हा प्रकार आहे, असं बनवणाऱ्यांना वाटतं आणि ते बरोबरही आहे. त्यात बंद डब्यातही धोका असतोच. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर पॉलिस्टायरीनला टेकून वर्षानुवर्षं पडून राहिले, तर टायर मऊ ठेवणारं रसायन बाहेर झिरपतं आणि शेजारचं प्लॅस्टिक वितळवतं. सीलबंद दुर्मीळ डबा उघडावा, तर विंडशील्डवर टायरची नक्षी उमटलेली! जाणकार म्हणूनच टायर आधी वेगळ्या पिशवीत घालतात. याउलट काहींना लहानपणी कुणीतरी गोंद थापून, ब्रशने रंग फासून बनवलेल्या जुन्या गाड्या वाचवण्यातच रस. रंग उतरवायला ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं, जोड सुटावेत म्हणून फ्रीजरमध्ये ठेवायचं, आणि तुटलेले भाग दुसऱ्या मोडक्या किटमधून मिळवायचे.

भारतात हा छंद आहे, पण महाग आहे. सीमाशुल्काच्या यादीत अशी मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. देशी उद्योगाला आडोसा देण्याचा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या किटला देशी पर्यायच नाही, त्याच्या गिऱ्हाइकाने काय करायचं? गंमत म्हणजे ब्रिटनच्या एअरफिक्सची कितीतरी किटं भारतात ओतली गेली आहेत आणि डब्यांवर तसं छापलेलंही असतं. म्हणजे यंत्रं आहेत, हात आहेत, कसबही आहे.

नाही तो आपल्या गाड्यांचा साचा. अ‍ॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी मोठ्या किट कंपन्यांच्या यादीत शोधून सापडणं कठीण. हजारो डबे खपल्याशिवाय पोलादाचा खर्च निघत नाही, आणि या गाड्यांवर जीव असलेला माणूस मुंबई-कोलकात्यात आहे, टोकियो-शिकागोत नाही. आडवाटेने आपल्या जवळचं काही मिळतं. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपचं लष्करी रूप टामियाच्या १/३५ च्या मालिकेत आहे. महिंद्रची खरी जीपही तेव्हा सुट्या भागांच्या पेट्यांतूनच येत होती! आओशिमाची १/३२ ची सुझुकी जिमनी तर गोंद-रंगाशिवाय नुसती दाबून जोडता येते. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने इथूनच सुरुवात केलेली बरी.

पद्मिनीसाठी मात्र साच्याला वळसा घालावा लागतो. पूर्वी त्याचा एकच मार्ग होता: पातळ स्टायरीनचे पत्रे कापून, वाकवून, पुट्टी भरून बॉडी घडवायची. आता संगणकावर आकार रेखून थ्री-डी प्रिंटरवर रेझिनची बॉडी काढता येते. एका माणसाला एकच गाडी हवी असेल, तरी चालतं. चाकं, टायर आणि आतलं सामान मापाच्या दुसऱ्या एखाद्या किटमधून उचलायचं. प्रिंटरच्या थरांच्या बारीक पायऱ्या घासून काढायचं काम मात्र हातालाच करावं लागतं, आणि छताच्या गोलाईवर त्या हटता हटत नाहीत.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे कायमची उतरली. १/२४ मध्ये ती सोळा-सतरा सेंटिमीटरची होते. ती रंगवणाऱ्याने क्रम चुकवू नये. आधी पांढरा प्रायमर, त्यावर छताचा पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप, आणि मग खालचा काळा. काळ्यावर पिवळ्याचे कितीही हात दिले तरी तो हिरवटच दिसतो.