‘तुमच्याविषयी सांगा’ म्हटलं की...

भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पालकसभेत हेडमास्तरांना ठणकावून प्रश्न विचारणारी बाई मुलाखतीच्या खुर्चीत बसली की गप्प होते. घशाला कोरड पडते, तळहातांना घाम फुटतो आणि पाठ केलेली उत्तरं ऐन वेळी दगा देतात. बाहेर आल्यावर मात्र सगळं आठवतं! मैत्रिणींनो, हे फक्त तुमचंच होतं असं नाही. शिवाय यात तुमच्या हुशारीचा काही दोषही नाही.

धडधड होते कशाने?

संकटाची चाहूल लागली की शरीर अ‍ॅड्रेनालिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं. त्याने छाती धडधडते, श्वास उथळ होतो, तोंड सुकतं. समोर साप असो की तीन साहेब, शरीराला दोन्ही सारखेच! म्हणूनच ‘घाबरू नकोस’ असं स्वतःला कितीही बजावलं तरी उपयोग होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं त्यात सरस ठरली. म्हणजे धडधड थांबवायच्या नादी लागू नका, तिला उत्साह म्हणा.

सोबत एक सोपा उपाय. चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते. नाव पुकारण्याआधी बाहेरच्या बाकावर बसून पाच-सहा वेळा हे केलं तरी फरक जाणवतो.

स्वतःविषयी काय सांगायचं?

बहुतेक मुलाखती याच प्रश्नाने सुरू होतात आणि बहुतेक जणी वडिलांचं नाव, गाव, भावंडं किती इथून सुरुवात करतात. ते सगळं अर्जात असतंच. मिनिटभरात तीनच गोष्टी सांगा : काय शिकलात, कोणतं काम केलंत आणि ही नोकरी का हवी. उदाहरणार्थ, पतसंस्थेतल्या नोकरीसाठी असं सांगता येईल : ‘‘मी बी. कॉम. केलंय, टॅली शिकले आहे. तीन वर्षं बचत गटाची सचिव आहे. बारा जणींचे हप्ते, कर्जाच्या नोंदी आणि बँकेतला भरणा मीच बघते. हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला मिळावं म्हणून अर्ज केला.’’

‘मी काही कामच केलेलं नाही’ असं म्हणण्याआधी जरा आठवून बघा. बचत गटाचा हिशेब, शिकवणी, दुकानाच्या गल्ल्यावर बसणं, हे सगळं कामच आहे. आकड्यासकट सांगितलं की समोरच्यालाही ते पटतं.

उत्तरं मनातल्या मनात घोकू नका, मोठ्याने बोला. जावेला नाहीतर शेजारणीला समोर बसवा, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. शब्द न् शब्द पाठ करू नका. एक शब्द विसरला की सगळी गाडी अडते. मुद्देच लक्षात ठेवा.

नेमके नको असलेले प्रश्न

‘मधली पाच वर्षं काय केलंत?’ या प्रश्नाला मान खाली घालू नका. ‘‘मुलगी लहान होती म्हणून थांबले. आता ती शाळेत जाते. गेल्या वर्षी मी एमएस-सीआयटी केलं.’’ एवढं पुरे. जे खरं असेल ते थोडक्यात सांगा आणि पुन्हा कामाच्या विषयावर या.

‘लग्न कधी करणार?’, ‘मुलांना कोण बघणार?’ हे प्रश्न पुरुष उमेदवारांना क्वचितच विचारले जातात. नोकरीवर घेताना स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. पण तिथे कायदा ऐकवण्यापेक्षा शांतपणे म्हणावं, ‘‘घरची व्यवस्था केलेली आहे. कामाच्या वेळा मला जमतील.’’ त्यावरही तेच तेच खोदून विचारत असतील, तर तिथे नोकरी करायची का, याचा विचार तुम्हीही करा. निवड फक्त त्यांनीच करायची असते असं नाही.

उत्तर येत नसेल तर ‘‘याची मला माहिती नाही’’ म्हणून मोकळं व्हा. थापा चटकन उघड्या पडतात. इंग्रजी प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, मराठीत उत्तर दिलं तर चालेल का, हेही विचारा. राज्य लोकसेवा आयोगाची मुलाखतसुद्धा मराठीतून देता येते. पगार किती, वेळा काय, हे शेवटी विचारायला लाजू नका.

आदल्या दिवशीच

आधी मुलाखत आहे का ते बघा. केंद्र सरकारच्या कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या बँक भरतीत क्लार्कसाठी मुलाखत नाही. अधिकारी पदासाठी ती आहे, पण मुख्य परीक्षेचे ८० टक्के आणि मुलाखतीचे २० टक्के धरतात. म्हणजे अभ्यास चांगला झाला असेल तर एखाद्या चुकलेल्या उत्तराने सगळं बुडत नाही.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर सर्टिफिकेटवर माहेरचं आणि आधार कार्डावर सासरचं, असा घोळ असतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत हवंच. ते एका दिवसात मिळत नाही, त्यामुळे अर्ज भरतानाच तयारीला लागा. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

कोरी साडी किंवा नवा ड्रेस त्या दिवशी पहिल्यांदा नेसू-घालू नका, सारखं लक्ष तिकडेच जातं. एसटी चुकली तर पुढची किती वाजता, हे आधीच विचारून ठेवा. मुलाखत फोनवरून व्हिडिओने असेल तर फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवा, उजेड तोंडावर येऊ द्या आणि अर्धा तास त्या खोलीत कुणी यायचं नाही, असं घरच्यांना सांगून ठेवा.

घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी, स्वयंपाकाला लागण्याआधी, विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवून काढा. कुठे अडलात तेही लिहा. ही नोकरी मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तर पुढच्या मुलाखतीच्या तयारीला ती वही हाताशी असेल.