दोन ससे आणि एक अर्धवटराव

आश्विनात आमच्या देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा भरते, तेव्हा परगावी गेलेली मंडळी घराकडे वळतात. गेल्या यात्रेला माझा भाचा थेट अमेरिकेहून आला आणि येताना लॅपटॉपमध्ये एक ससा घेऊन आला. ‘ग्रेग द बनी’ ही विनोदी मालिका २००२ च्या मार्चमध्ये तिकडच्या फॉक्स वाहिनीवर सुरू झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये आटोपलीही. तेरा भाग तयार झाले होते. त्यांतले दोन तर दाखवलेच गेले नाहीत.

कल्पना मात्र मोठी झकास. त्या जगात कापडी बाहुल्या माणसांसारख्याच हिंडतात, नोकऱ्या शोधतात, आणि कनिष्ठ जमात म्हणून माणसांचे टोमणेही खातात. ग्रेग नावाच्या भाबड्या सशाला मुलांच्या एका कार्यक्रमात काम मिळते. तिथे एक तिरसट वानर आहे, आणि वाक्यागणिक ‘ब्ला’ म्हणणारा एक पिशाच्च सरदारही आहे.

रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही सारे ओसरीवर बसून तीन भाग पाहिले. पुष्कळ हसलो. मध्येच सौ.ने विचारले, “अरे, ह्या सशाला बोलवतो कोण?”

“डॅन मिलानो म्हणून एक कलावंत आहे, मामी. तो कॅमेऱ्याच्या चौकटीखाली असतो.”

“मग दिसत का नाही?”

“तो दिसला तर खेळच संपला!”

“असं कसं? आमच्या अर्धवटरावांचे पाध्ये तर चांगले शेजारी बसलेले दिसतात!”

प्रश्न बिनतोड होता. भाचा गप्प बसला आणि मी विचारात पडलो.

अर्धवटरावांना ओळखत नाही असे मराठी घर विरळाच. यशवंत पाध्ये यांनी १९१६ च्या सुमारास हा बाहुला रंगभूमीवर आणला. पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून त्याला बोलते ठेवले. मालक शालीन, बाहुला आगाऊ. चारचौघांत जे बोलू नये ते अर्धवटराव नेमके बोलतात आणि ओशाळे व्हायचे ते पाध्यांनी. दोन्ही आवाज एकाच गळ्यातून येतात हे समोरच्या पोरालाही ठाऊक असते. तरी भांडण जुंपले की सभा बाहुल्याची बाजू घेते! शब्दभ्रमाची खरी गंमत मला यातच वाटते. काही लपवलेले नसताना माणूस फसतो आणि वर खूश होतो.

हे साधायला किती कष्ट पडत असतील? ओठ न हलवता बोलायचे, एका हाताने बाहुल्याच्या आतली कळ फिरवून त्याची मान आणि जबडा हलवायचा, आणि तोंडावर मात्र ऐकणाऱ्याचा भाव ठेवायचा. यात प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण म्हणजे मोठे वैरी. ते जिभेवर निभावून न्यावे लागतात. घरच्या घरी आरशासमोर करून पाहा. काका, आजी, आत्या, ताई, दादा सहज जमतील. बाबा, मामा आणि मावशी म्हणताना ओठ मिटल्यावाचून राहणार नाहीत. (मी स्वतः मामा असल्याने हा भेदभाव मला जरा लागलाच.)

दूरदर्शनच्या पडद्याला या कसरतीची गरज नसते. माणूस चौकटीबाहेर बसला की ओठ कसेही हलवावेत. सोय झाली खरी, पण ज्याच्याशी बाहुल्याने हुज्जत घालायची तो धनीच नाहीसा झाला. ग्रेगच्या समोर सेथ ग्रीन, यूजीन लेव्ही असे कसलेले नट होते, तरी ते शेवटी पाहुणेच. ससा बोलतो याचे नवल तीन भागांत ओसरते, आणि मग दर आठवड्याला नवे कथानक कुठून आणायचे?

पडद्यावर बाहुली टिकतच नाही असे मात्र नव्हे. ‘झपाटलेला’ (१९९३) मधल्या तात्या विंचूने किती पोरांची झोप उडवली असेल! तो बाहुला रामदास पाध्यांचाच. आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा आठवतो ना? तोही त्यांच्याच हातचा. त्याला ना कथानक, ना शेजारी नट. काही क्षण यायचे, हसायचे आणि जायचे. पण अमेरिकेच्या सशाचे नाव आमच्या घरी भाच्यामुळे कळले. पापडाचा ससा ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या पिढीच्या अजून ओठावर आहे.

मला वाटते, मुख्य फरक मालकीचा. ग्रेगचा जन्म न्यूयॉर्कमध्ये तीन मित्रांच्या हौसेतून, स्थानिक वाहिनीवर झाला होता. त्या मित्रांतले शॉन बेकर यांनी पुढे २०२५ मध्ये ‘अनोरा’ चित्रपटासाठी एका रात्रीत चार ऑस्कर मिळवले. म्हणजे घरात गुणांची वाण नव्हती. पण ससा मोठ्या वाहिनीच्या पदरी गेला आणि वाहिनीने हात काढून घेताच त्याची मालिका थांबली. वानराला २०१० मध्ये वेगळी मालिका मिळाली, तीही बारा भागांची.

अर्धवटराव कुणाच्या पदरी नाहीत. ते घरातच राहिले. त्यांना आवडाबाई मिळाल्या, रामदासांच्या पत्नी अपर्णाताईही बाहुल्यांच्या खेळात उतरल्या. चिरंजीव सत्यजित चार्टर्ड अकाउंटंट झाले, आणि तरीही बाहुला हाती घेऊन रंगमंचावर आले. बाहुला त्यांना वारशाने मिळाला. प, फ, ब, भ, म यांच्याशी झुंज मात्र त्यांनाही आजोबांसारखीच पहिल्यापासून घ्यावी लागली असणार.