घरच्या रोग्याचे औषध

रोगी दवाखान्यातून घरी आला, म्हणजे औषध देण्याचे काम घरच्यांवर येते. ते नीट समजून करावे.

पूर्वी डॉक्टर चिठ्ठी हाताने लिहीत. पुष्कळदा अक्षर लागत नसे. एका औषधाऐवजी दुसरेच मिळण्याची भीती असे. आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर छापलेली चिठ्ठी मिळते. सरकारच्या ई-संजीवनी सेवेत तर चिठ्ठी मोबाइलवरच येते. औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, किती वेळा, सारे स्वच्छ वाचता येते. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या घरच्या डब्यात कोणत्या गोळ्या आहेत, हे संगणकाला ठाऊक नसते. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो. नावे तीन, पण तापाचे औषध एकच, पॅरासिटामॉल. डॉक्टरांनी दिलेली गोळी दिली, आणि ताप उतरेना म्हणून डब्यातली दुसरीही दिली, तर तेच औषध दुप्पट झाले! फार झाले तर यकृत, म्हणजे लिव्हर, बिघडते. माणूस दगावतोसुद्धा.

तेव्हा काय करावे? पाकिटावर औषधाचे मूळ नाव छापलेले असते, ते वाचा. रोगी घेतो त्या सर्व औषधांची नावे एका वहीत लिहा. वैद्याचे औषधही लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. नवी चिठ्ठी मिळाली, की वहीशी ताडून पाहा. एकच नाव दोनदा दिसले, तर गोळी देण्याआधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

तुम्ही वाचायला शिकलात. ही विद्या घरच्या माणसाच्या कामी आणा.