संग्राह्य पत्त्यांचे खेळ : डेकरचना व स्पर्धा

पाकिटांतून विकत मिळणाऱ्या किंवा देवघेवीतून जमविलेल्या पत्त्यांमधून प्रत्येक खेळाडूने स्वतःचा स्वतंत्र जोड रचून प्रतिस्पर्ध्याशी खेळावयाचा एक आधुनिक क्रीडाप्रकार. अशा जोडास ‘डेक’ म्हणतात. ब्रिज, रमी, गंजिफा इ. परंपरागत खेळांत पत्त्यांचा जोड ठराविक व सर्वांना समाईक असतो. पत्ते वाटले जाईपर्यंत कोणाचीही बाजू वरचढ नसते. संग्राह्य पत्त्यांच्या खेळात मात्र डाव मांडण्यापूर्वीच निम्मा खेळ होऊन गेलेला असतो. कोणते पत्ते घ्यावयाचे, किती घ्यावयाचे आणि कोणते वगळावयाचे, हे खेळाडू आधीच ठरवितो. साहजिकच दोन्ही बाजूंचे बळ आरंभापासूनच विषम असू शकते. समान संधीचे जे तत्त्व इतर खेळांत पत्त्यांच्या वाटपानेच साधते, ते येथे नियमांच्या आधारे निर्माण करावे लागते. या खेळांच्या स्पर्धांचा इतिहास हा बव्हंशी अशा नियमांचा इतिहास होय.

उगम : या प्रकारातील आद्य खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा असून तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ऑगस्ट १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निर्माता रिचर्ड गारफील्ड (जन्म १९६३) हा गणितज्ञ असून क्रमचय व समचय यांच्याशी संबंधित विषयात त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. सिअ‍ॅटल परिसरातील ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशनसंस्थेचा प्रमुख पीटर अ‍ॅडकिसन याला संमेलनांतील मोकळ्या वेळात झटपट खेळता येईल व सहज बरोबर नेता येईल, असा खेळ हवा होता. त्यातून या खेळाची कल्पना साकार झाली. पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळे पत्ते होते. त्यांपैकी काही विपुल, तर काही मुद्दाम दुर्मिळ ठेवण्यात आले होते व पाकिटात कोणते पत्ते निघतील, हे विकत घेणाऱ्यास आधी कळत नसे.

खेळाचे स्वरूप : प्रत्येक खेळाडू २० जीवगुणांनी आरंभ करतो व प्रतिस्पर्ध्याचे जीवगुण शून्यावर आणणे हे त्याचे मुख्य उद्दिष्ट असते. आरंभी प्रत्येकाच्या हाती सात पत्ते येतात व पुढे दर पाळीस एक पत्ता उचलावयाचा असतो. ‘भूमी’ या वर्गातील पत्त्यांपासून ‘मॅना’ नावाची शक्ती मिळते व ती खर्च करून प्राणी, मंत्र, यंत्रे इ. पत्ते खेळता येतात. साधारणपणे एका पाळीत एकच भूमी मांडता येते. त्यामुळे खेळाडूची क्षमता पाळीगणिक टप्प्याटप्प्याने वाढत जाते. प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो व तो सर्वसाधारण नियमास बाजूस सारू शकतो. यातून उद्‌भवणारी गुंतागुंत इतकी मोठी आहे, की या खेळाच्या नियमांतून कोणतेही संगणकीय गणन घडवून आणता येते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनपर लेखात सिद्ध करून दाखविण्यात आले.

आरंभीचे नियम व त्यांतील दोष : मूळ नियमांनुसार डेकमध्ये किमान ४० पत्ते असणे पुरेसे होते व एकाच पत्त्याच्या प्रतींवर कोणतेही बंधन नव्हते. प्रबळ पत्ते दुर्मिळ असल्याने ते कोणाही एकाकडे फार जमणार नाहीत व दुर्मिळतेनेच समतोल राखला जाईल, अशी त्यामागील धारणा होती. ती लवकरच खोटी ठरली. ‘ब्लॅक लोटस’ हा पत्ता काहीही खर्च न करता तीन मॅना देतो. अशा पत्त्यांच्या अनेक प्रती जमविणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्यास पाळी मिळण्यापूर्वीच डाव संपवू शकत असे. म्हणून जानेवारी १९९४ मध्ये स्पर्धांसाठी किमान ६० पत्ते व मूलभूत भूमी वगळता एका पत्त्याच्या कमाल चार प्रती हा नियम करण्यात आला, तसेच काही पत्त्यांची एकच प्रत ठेवण्याची मुभा देण्यात आली. या निर्बंधित यादीत ‘ब्लॅक लोटस’बरोबर ‘डिंगस एग’ या पत्त्याचाही समावेश होता. पुढे तो निरुपद्रवी आढळल्याने त्याच्यावरील बंधन उठविण्यात आले. पत्त्याचे खरे बळ कागदावर नव्हे, तर स्पर्धेतच उघड होते, हे यावरून दिसून येते. मूळ खेळात प्रत्येकाने एक पत्ता पणास लावण्याचीही तरतूद होती. जुगाराशी असलेल्या साधर्म्यामुळे ती स्पर्धांत वर्ज्य ठरली.

डेकरचनेची तत्त्वे : डेकरचनेचा पाया संभाव्यतेच्या गणितात आहे. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये एखाद्या पत्त्याच्या चार प्रती असल्यास आरंभीच्या सात पत्त्यांत त्यांपैकी निदान एक येण्याची शक्यता सु. ४० टक्के असते; एकच प्रत असल्यास ती सु. १२ टक्के भरते. डेक ८० पत्त्यांचा केल्यास चार प्रती असूनही ही शक्यता सु. ३१ टक्क्यांपर्यंत घसरते. म्हणून नियमाने अधिक पत्ते घेण्यास मुभा असली, तरी जाणकार खेळाडू सहसा ६० हूनअधिक पत्ते घेत नाहीत. प्रत्येक जादा पत्ता उत्तम पत्त्यांना मागे ढकलतो.

भूमी-पत्त्यांची संख्या ठरविणे हा दुसरा महत्त्वाचा भाग होय. ६० पैकी २४ भूमी असल्यास आरंभीच्या सात पत्त्यांत एकही भूमी नसण्याची किंवा एकच असण्याची शक्यता सु. १४ टक्के असते. १७ भूमी असल्यास ती सु. ३५ टक्क्यांवर जाते. उलटपक्षी भूमी फार झाल्या, तर मॅना आहे पण खेळावयास काही नाही, अशी अवस्था होते. असा प्रतिकूल हात परत करून नवा घेण्याची सवलत खेळाडूस असते. २०१९ पासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार अशा वेळी पुन्हा सात पत्ते उचलावयाचे व जितक्या वेळा हात बदलला, तितके पत्ते डेकच्या तळाशी ठेवावयाचे असतात.

तिसरे तत्त्व खर्चाच्या चढणीचे. पहिल्या पाळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन याप्रमाणे उपलब्ध मॅना पुरेपूर वापरला जावा, अशा रीतीने कमीअधिक खर्चाच्या पत्त्यांचे प्रमाण ठेवावे लागते. १९९६ मध्ये जे श्नायडर याने रचलेला व पॉल स्लाय याने स्पर्धेत खेळलेला लाल रंगाचा डेक या तत्त्वाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यातील अनेक प्राणी सुटे पाहता क्षुद्र वाटत. परंतु एकही पाळी वाया न घालविता ते सातत्याने मारा करीत. चौथे तत्त्व पत्त्यांच्या संख्याधिक्याचे. आपल्या एका पत्त्याने प्रतिस्पर्ध्याचे दोन पत्ते निकामी केले किंवा आपल्या हाती दोन नवे आले, तर असे लहान लाभ साठत जाऊन अखेर निर्णायक ठरतात. कॅलिफोर्नियातील ब्रायन वाइसमन याने १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास आपल्या डेकच्या द्वारे हा विचार प्रथम पद्धतशीरपणे मांडला.

डेकचे प्रकार : स्थूलमानाने डेकचे तीन वर्ग पडतात. आक्रमक डेक स्वस्त प्राण्यांच्या साह्याने प्रतिस्पर्ध्यास सावरण्यास वेळ न देता डाव संपवू पाहतो. नियंत्रक डेक प्रतिस्पर्ध्याचे पत्ते निष्प्रभ करीत डाव लांबवितो व अखेर मोजक्या बलाढ्य पत्त्यांनी जिंकतो. संयोगाश्रित डेक ठराविक दोन-तीन पत्ते एकत्र येताच एका झटक्यात विजय मिळवितो. हे वर्ग काटेकोर नसून मिश्र प्रकारही पुष्कळ आढळतात. एकाच डेकला एका प्रतिस्पर्ध्यापुढे आक्रमकाची, तर दुसऱ्यापुढे बचावाची भूमिका घ्यावी लागते व ही भूमिका चुकीची ओळखणे हे पराभवाचे एक नेहमीचे कारण असते, हा विचार मायकेल फ्लोरेस याने १९९९ मध्ये मांडला. तो पुढे सर्वमान्य झाला.

सर्वश्रेष्ठ असा डेक सहसा अस्तित्वात नसतो. स्पर्धेत इतर काय खेळतील, यावर त्याचे यश अवलंबून असते. आक्रमक डेकची संख्या वाढली, की त्यांना रोखणारे डेक लाभदायक ठरतात. ते वाढले, की त्यांच्यावर मात करणारे तिसरेच डेक पुढे येतात. या परस्परावलंबी स्थितीस खेळाडू ‘मेटागेम’ म्हणतात. तिचा अंदाज बांधणे हे पत्ते खेळण्याइतकेच महत्त्वाचे कौशल्य समजले जाते. यासाठी ६० पत्त्यांखेरीज १५ राखीव पत्त्यांचा ‘साइडबोर्ड’ बाळगण्याची मुभा असते. पहिला डाव झाल्यावर प्रतिस्पर्ध्याचा डेक पाहून त्यातील पत्ते बदलून घेता येतात.

स्पर्धापद्धती : पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्ट १९९४ मध्ये मिलवॉकी येथे झाली व तीत झॅक डोलन विजयी झाला. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे रोख पारितोषिकांची ‘प्रो टूर’ ही व्यावसायिक स्पर्धामाला सुरू झाली. पहिला विजेता मायकेल लोकोंटो हा होता. या मालेत अमेरिकेचा जॉन फिंकेल व जर्मनीचा काय बुडे यांनी विशेष कीर्ती मिळविली. बुडे याने सात प्रो टूर स्पर्धा जिंकल्या. नशिबाचा भाग मोठा असलेल्या खेळात असे सातत्य दिसणे, हा कौशल्याच्या वाट्याचा सबळ पुरावा मानला जातो. २०१९ मध्ये या मालेचे नाव बदलले, २०२० मध्ये करोना महासाथीमुळे प्रत्यक्ष स्पर्धा थांबल्या व २०२३ मध्ये प्रो टूर त्याच नावाने पुन्हा सुरू झाली.

मोठ्या स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने खेळविल्या जातात. बुद्धिबळात १८९५ मध्ये झुरिक येथे प्रथम वापरलेल्या या पद्धतीत पराभूत खेळाडू बाद होत नाही. प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात. विजयास तीन व बरोबरीस एक गुण मिळतो. सामना तीनांपैकी दोन डावांचा असून फेरीची वेळ सर्वसाधारणतः ५० मिनिटे असते. स्विस फेऱ्यांनंतर पहिल्या आठ खेळाडूंत बाद पद्धतीने अंतिम निर्णय होतो. मोठ्या स्पर्धांत प्रत्येकास आरंभीच आपल्या डेकची लेखी यादी पंचांकडे द्यावी लागते. पत्ते पिसून झाल्यावर प्रतिस्पर्ध्यास ते पुन्हा पिसण्याचा किंवा कापण्याचा हक्क असतो.

पत्त्यांच्या निवडीनुसार स्पर्धांचे दोन मुख्य प्रकार होतात. रचित प्रकारात खेळाडू घरून डेक तयार करून आणतो. मर्यादित प्रकारात स्पर्धेच्या ठिकाणीच न उघडलेली पाकिटे देऊन त्यांतून किमान ४० पत्त्यांचा डेक रचण्यास सांगतात. यापैकी ‘ड्राफ्ट’ या पद्धतीत साधारणतः आठ खेळाडू वर्तुळाकार बसतात. प्रत्येकजण पाकिटातून एक पत्ता निवडून उरलेले शेजाऱ्याकडे सरकवितो. शेजारी कोणते रंग घेत आहेत, हे आलेल्या पत्त्यांवरून ताडावे लागते. जमविलेल्या संग्रहाचा येथे उपयोग नसल्याने धनवान व सामान्य खेळाडू यांच्यातील अंतर या प्रकारात बरेच कमी होते.

बंदी व समतोल : जुन्या-नव्या सर्व पत्त्यांना एकत्र मुभा दिल्यास नवागतास स्पर्धेत उतरणे अशक्य होईल, हे ओळखून १९९५ च्या आरंभी केवळ अलीकडील संचांतील पत्त्यांचा वेगळा प्रकार निर्माण करण्यात आला. ‘स्टँडर्ड’ या नावाने तो पुढे रूढ झाला. तरीही समतोल वेळोवेळी ढळला. ऑक्टोबर १९९८ मध्ये आलेल्या ‘अर्झाज सागा’ या संचातील ‘टोलेरियन अकॅडमी’सारख्या पत्त्यांमुळे डाव पहिल्या काही पाळ्यांतच संपू लागले. डिसेंबर १९९८ मध्ये त्यावर बंदी जाहीर झाली. मार्च १९९९ मध्ये ‘मेमरी जार’ हा पत्ता प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांतच तातडीने बंद करावा लागला. पुढे जून २००४ मध्ये ‘स्कलक्लॅम्प’ व मार्च २००५ मध्ये आणखी आठ पत्ते स्टँडर्ड प्रकारातून काढून टाकण्यात आले. बंदीमुळे स्पर्धा वाचते. पण ज्याने तो पत्ता मोठ्या किमतीस घेतला, त्याचे नुकसान होते. त्यामुळे असे निर्णय नेहमीच वादग्रस्त ठरतात.

इतर खेळ : मॅजिकच्या यशानंतर अनेक खेळ निघाले. त्यांपैकी जपानमधील ‘पोकेमॉन’ (१९९६) व ‘यू-गी-ओह!’ (१९९९) हे विशेष लोकप्रिय आहेत. पोकेमॉनमध्ये डेक बरोबर ६० पत्त्यांचाच असावा लागतो, तर यू-गी-ओहमध्ये मुख्य डेक ४० ते ६० पत्त्यांचा असून एका पत्त्याच्या तीनच प्रती चालतात. संख्या भिन्न असल्या, तरी किमान आकार, प्रतींची मर्यादा व निषिद्ध पत्त्यांची यादी ही त्रिसूत्री सर्वत्र आढळते.

मूल्यमापन : या खेळांवरील मुख्य आक्षेप खर्चाचा आहे. स्पर्धेस आवश्यक पत्ते दुर्मिळ असल्यास त्यांच्या किमती वाढतात व कौशल्यापेक्षा ऐपत वरचढ ठरण्याचा धोका संभवतो. काही जुने पत्ते पुन्हा छापणार नाही, असे वचन प्रकाशकांनी १९९६ मध्ये संग्राहकांना दिल्याने त्या पत्त्यांवर आधारलेले स्पर्धाप्रकार थोड्यांच्याच आवाक्यात राहिले. संग्राहकास दुर्मिळता हवी असते, तर खेळाडूस उपलब्धता. एकाच पत्त्याकडून या दोन्ही अपेक्षा केल्या जातात, हा या खेळातील मूलभूत अंतर्विरोध होय. दुसरीकडे, विजयी डेकच्या याद्या सर्वत्र प्रसिद्ध होऊ लागल्यापासून डेकरचना हे काही थोड्यांचे गुपित राहिलेले नाही. कोणाही अभ्यासू व्यक्तीस ती शिकता येते. मात्र त्यामुळे स्वतःच्या कल्पनेने डेक रचणाऱ्यांची जागा अनुकरणाने घेतली, अशीही तक्रार केली जाते. सर्वांना तेच पत्ते माहीत असताना कोणते, किती व केव्हा खेळावयाचे, याचा विवेक मात्र यादीवरून उतरवून घेता येत नाही आणि स्पर्धेचा निकाल अखेर त्यावरच ठरतो.