एक वही, अनेक हात
(नभोवाणीवरील भाषण)



जुन्या पेढीवर खतावणीची वही एकच असे आणि ती एका वेळीं एकाच्याच हातीं असे. मुनीम तिच्यांत नोंद करीत असतां दुसऱ्या कारकुनास ती हवी असली, तर त्याला थांबावें लागे. मुनिमानें टांक खालीं ठेवून वही सरकविली म्हणजे मग त्याची पाळी येई. ह्या थांबण्यानें वेळ जाई, कधीं कधीं कुरकुरहि होई. परंतु त्यांत एक मोठें संरक्षण होतें. एकाच ओळीवर दोन टांक एकदम चालणें शक्य नव्हतें, आणि आधींच्या माणसानें काय लिहिलें आहे तें डोळ्यांखालून गेल्यावांचून पुढच्याला लिहितां येत नव्हतें.

आज ती वही कचेरींतील संगणकांत गेली आहे. पांच-सात माणसें आपापल्या मेजाशीं बसून एकाच वेळीं तिच्यांत वाचतात व लिहितात. थांबणें गेलें, ही सोय झाली; पण त्याबरोबर जें संरक्षण आपोआप मिळत होतें तेंहि गेलें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तें संरक्षण पुन्हां कसें उभारावें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. शाळा, ग्रंथालय, गृहनिर्माण संस्था, लहानसा धंदा अशा कोठल्या ना कोठल्या कचेरींत आपणांपैकीं अनेकांचा ह्या वहीशीं संबंध येतो. म्हणून हा विषय केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाहीं.

ह्या वहीला डेटाबेस म्हणतात. लहान कचेऱ्यांतून ह्या कामासाठीं पुष्कळ वापरला जाणारा एक प्रोग्रॅम म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीचा अ‍ॅक्सेस. तो १९९२ सालीं बाजारांत आला. त्याचेंच उदाहरण मी घेणार आहें. त्यांत माहिती तक्त्यांच्या रूपानें सांठविलेली असते. तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे एका माणसाची किंवा एका व्यवहाराची नोंद, आणि प्रत्येक रकाना म्हणजे नांव, पत्ता, रक्कम अशी एकेक बाब. माहिती भरण्यासाठीं पडद्यावर दिसणारे फॉर्म, हवी तेवढी माहिती निवडून काढणाऱ्या क्वेऱ्या आणि छापून घ्यावयाचे रिपोर्ट हेंहि त्याच्या जोडीला असतें. मुद्दाम वेगळें केलें नाहीं, तर हें सारें एकाच फाइलींत राहतें.

आतां ही फाइल अनेकांनीं वापरावयाची म्हणजे नेमकें काय होतें, तें पाहूं. मोठ्या बँकेचा किंवा रेल्वेच्या आरक्षणाचा डेटाबेस निराळ्या तऱ्हेनें चालतो. तेथें खिडकीवर एक दप्तरदार बसलेला असतो असें समजा. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण त्याच्याकडे मागणी करावयाची. कपाट उघडणें, पान काढणें, नोंद करणें, कपाट लावणें हें सारें तो स्वतः करतो. अ‍ॅक्सेसच्या फाइलीला असा दप्तरदार नाहीं. ती कचेरीच्या सामायिक फोल्डरमध्यें पडून असते, आणि प्रत्येक मेजावरील संगणक नेटवर्कवरून आपणच त्या कपाटाशीं जातो, पान काढतो, त्यावर लिहितो व परत ठेवतो.

हे संगणक एकमेकांच्या आड येऊं नयेत म्हणून एका लहानशा फाइलीचा आधार घेतात. मुख्य फाइल कोणी उघडली, कीं तिच्या शेजारीं तिच्याच नांवाची दुसरी फाइल उत्पन्न होते. सध्यांच्या पद्धतींत तिच्या नांवाअखेर एलएसीसीडीबी हीं अक्षरें असतात. कोणकोणते संगणक आंत आहेत ह्याचा ती हजेरीपटच होय, आणि नोंदींचीं कुलुपें संभाळण्याचें कामहि तिच्याच आधारें चालतें. शेवटचा माणूस बाहेर पडला म्हणजे ती बहुधा आपोआप नाहींशी होते. म्हणूनच त्या फोल्डरमध्यें नुसता वाचण्याचा अधिकार देऊन भागत नाहीं. फाइल निर्माण करण्याचा, लिहिण्याचा व पुसण्याचा अधिकार तेथें काम करणाऱ्या सर्वांना असावा लागतो.

दप्तरदार नसलेल्या ह्या कपाटापाशीं काय घडूं शकतें, तें मीं एका संस्थेंत पाहिलें. ही संस्था गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. एके दिवशीं सकाळीं तेथील एका कारकुनानें एका विद्यार्थिनीची नोंद उघडली. तिची गुणपत्रिका आली होती, तसें शेऱ्याच्या रकान्यांत लिहावयाला त्यानें सुरुवात केली. इतक्यांत त्याला टेलिफोन आला. दरम्यान दुसऱ्या मेजावरील बाईंनीं तीच नोंद उघडून त्याच रकान्यांत लिहिलें, ‘बँकेंतील खातें बंद झालें आहे, नवा क्रमांक येईपर्यंत रक्कम पाठवूं नये.’ नोंद जतन करून त्या दुसऱ्या कामाला लागल्या. टेलिफोन संपल्यावर कारकुनानें आपला शेरा पुरा केला. तो जतन करूं लागतांच पडद्यावर सूचना आली, कीं आपण लिहावयास लागल्यापासून ही नोंद दुसऱ्या कोणी बदलली आहे. पुढें तीन मार्ग दिलेले होते: दुसऱ्याचा बदल पुसून आपलें लिखाण कायम करावें, आपलें लिखाण तात्पुरतें बाजूस काढून दुसऱ्यानें काय लिहिलें तें पाहावें, किंवा आपला बदल सोडून द्यावा. घाईंत त्यानें पहिलें बटण दाबलें आणि बाईंचा शेरा गेला.

महिनाअखेरीस शिष्यवृत्तीचा हप्ता बंद खात्याकडे गेला व तेथून परत आला. तो पुन्हां पाठविला जाईपर्यंत परीक्षा-शुल्क भरण्याची मुदत टळून गेली, आणि त्या मुलीचा अर्ज विलंब-शुल्कासह कसाबसा दाखल झाला. चौकशींत दोघांनींहि एकच गोष्ट सांगितली: ‘मीं माझी नोंद केली होती.’ आणि खरोखरच दोघांनींहि ती केली होती!

ह्या प्रसंगावरून पहिला धडा कुलुपांविषयींचा आहे. अ‍ॅक्सेसमध्यें कुलुपाचे तीन प्रकार निवडतां येतात. पहिल्यांत लिहीत असतां नोंदीला कुलूप घालीतच नाहींत. दोघांची गांठ पडली, तर जतन करण्याच्या क्षणीं वर सांगितलेली सूचना येते. आपण कांहीं निवडलें नाहीं, तर हाच प्रकार चालूं असतो. दुसऱ्यांत एकानें लिहावयास प्रारंभ केला कीं त्या नोंदीला कुलूप लागतें व दुसऱ्याला ती फक्त वाचतां येते. तिसऱ्यांत सर्वच नोंदींना कुलूप लागतें. वर्षअखेरचा मोठा फेरफार करतांना तें उपयोगी, पण रोजच्या कामांत तें सर्वांना खोळंबून ठेवील. पहिल्या प्रकारांत विसंबून राहावें लागतें तें सूचना वाचणाऱ्यावर. दुसरा अधिक सुरक्षित; मात्र अर्धवट नोंद उघडी टाकून कोणी चहाला गेला, तर बाकीचे ताटकळत बसतात. तेव्हां एकाच माणसाच्या नोंदींत वरचेवर अनेकांचे हात लागत असतील, तर दुसरा प्रकार पत्करावा, आणि नोंद पुरी केल्यावांचून मेज सोडूं नये असा नियम करावा.

दुसरा धडा ह्याहून मूलगामी आहे, आणि तो आपल्या जुन्या हिशेबनिसांनाहि ठाऊक होता. रोजकीर्दींत आधींचें खोडून त्या जागीं नवें लिहीत नाहींत; नवी नोंद नेहमीं खालच्या ओळीवर जाते. त्या संस्थेंत सर्व शेऱ्यांसाठीं रकाना मात्र एकच होता. त्यामुळें प्रत्येक नवा शेरा जुन्याच्या अंगावर पडे. त्याऐवजीं शेऱ्यांचा वेगळा तक्ता केला, आणि प्रत्येक शेरा तारीख व लिहिणाऱ्याचें नांव यांसह नव्या ओळींत घातला, तर दोघांनीं एकाच क्षणीं लिहिलें तरी दोन्ही शेरे राहतात. ज्या माहितींत अनेकजण भर घालणार, तिला एकाच चौकटींत कोंबूं नये. तिच्यासाठीं ओळी वाढवाव्या. असा तक्ता आंखला म्हणजे कुलुपांची गरजच पुष्कळ कमी होते.

तिसरी गोष्ट फाइलीच्या विभागणीची. त्या संस्थेंत तक्ते, फॉर्म, क्वेऱ्या, रिपोर्ट हें सारें एकाच फाइलींत होतें व सर्वजण तीच उघडीत. ह्यांत तीन तोटे आहेत. फॉर्मांत लहानशी सुधारणा करावयाची, तरी सर्वांना बाहेर काढावें लागतें. प्रत्येक फॉर्म नेटवर्कवरून वाहून आणावा लागल्यामुळें काम मंदावतें. आणि एखाद्याचा संगणक मध्येंच बंद पडला, तर बिघाड सर्वांच्या समाईक फाइलीला होण्याचा संभव वाढतो. उपाय सोपा आहे. फाइलीचे दोन भाग करावे. एकांत फक्त तक्ते. हा भाग सामायिक फोल्डरमध्यें ठेवावा. दुसऱ्यांत फॉर्म, क्वेऱ्या, रिपोर्ट आणि त्या तक्त्यांकडे जाणारे दुवे. ह्या भागाची एकेक प्रत ज्याच्या त्याच्या संगणकावर द्यावी. पहिल्याला बॅक एंड व दुसऱ्याला फ्रंट एंड म्हणतात. ही विभागणी करून देणारें डेटाबेस स्प्लिटर नांवाचें साधन अ‍ॅक्सेसमध्येंच आहे. मात्र तें वापरण्यापूर्वीं मूळ फाइलीची एक नक्कल काढून ठेवावी. वही सर्वांची एक आणि मेज ज्याचें त्याचें, असा हा प्रकार आहे. फ्रंट एंडची एकच प्रत सामायिक जागीं ठेवून सर्वांनीं ती उघडली, तर मात्र विभागणीचा निम्मा लाभ वायां जातो.

चौथी गोष्ट, ही वही कोणत्या वाटेनें न्यावी. संगणक स्वतःच फाइलींत लिहीत असल्यानें, लिहितांना मध्येंच नेटवर्क तुटलें तर पान अर्धवट राहून फाइल बिघडूं शकते. म्हणून तारेनें जोडलेलें नेटवर्कच ह्या कामाला योग्य. बिनतारी जोडणीवर विसंबूं नये. तसेंच वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स ह्यांसारख्या, घरच्या व कचेरीच्या संगणकांत फाइलीच्या नकला जुळवीत राहणाऱ्या सोयींच्या फोल्डरमध्यें सामायिक तक्त्यांची फाइल ठेवूं नये. तेथें प्रत्येकाच्या हातीं वहीची निराळी नक्कल येते आणि कुलूप एका नकलेवरून दुसरीवर लागत नाहीं. दोघांनीं दोन नकलांत लिहिलें, कीं खरी वही कोणती हाच प्रश्न पडतो.

पांचवी गोष्ट नकलांची व सफाईची. पुसलेल्या नोंदींची जागा अ‍ॅक्सेस आपण होऊन मोकळी करीत नाहीं, त्यामुळें फाइल फुगत जाते. ती आंवळून नीट करण्यासाठीं कॉम्पॅक्ट अँड रिपेअर ही आज्ञा आहे. ती देण्यापूर्वीं सर्वांनीं बाहेर पडलें पाहिजे व फाइलीची नक्कल काढलेली पाहिजे. रोजची नक्कलहि कचेरी सुटल्यावर, फाइल कोणी उघडलेली नसतांना काढावी. लिहिणें चालूं असतां काढलेली नक्कल अर्धवट निघण्याचा धोका असतो. नकलेवर तारीख घालावी, कालची पुसून आजची ठेवूं नये, आणि निदान एक नक्कल कचेरीबाहेर असावी. मधूनमधून त्यांतील एखादी उघडूनहि पाहावी. न उघडलेल्या नकलेवरचा विश्वास संकटाच्या दिवशींच कसाला लागतो.

शेवटीं, ह्या साधनाची मर्यादाहि ओळखली पाहिजे. अ‍ॅक्सेसची एक फाइल २ गिगाबाइटांपलीकडे वाढूं शकत नाहीं. एका वेळीं २५५ जणांना ती उघडतां येते असें नियमांत आहे. परंतु सतत लिहिणारीं माणसें त्याहून पुष्कळ थोडीं असलीं तरी अडचण जाणवूं लागते. शिवाय २००७ सालीं आलेल्या एसीसीडीबी पद्धतींत, कोणत्या माणसानें कोणता तक्ता पाहावा हें ठरविण्याची जुनी सोय ठेवलेली नाहीं. सबंध फाइलीला सांकेतिक शब्द लावतां येतो, पण आंत आलेल्याला निरनिराळे पडदे लावतां येत नाहींत. पगार, आजार, कर्ज अशा खाजगी बाबी असतील, माणसें वाढलीं असतील किंवा दुसऱ्या गांवच्या शाखेंतून लिहावयाचें असेल, तर तक्ते एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल अशा खऱ्या दप्तरदाराच्या स्वाधीन करावे. विभागणी आधींच केलेली असली, तर ओळखीचे फॉर्म बऱ्याच अंशीं तसेच ठेवून हें स्थलांतर करतां येतें.

मीं सांगितलेल्या संस्थेनें फाइलीची विभागणी केली, शेऱ्यांचा तक्ता वेगळा काढला, नोंदींना लिहितांना कुलूप लागेल अशी व्यवस्था केली आणि रोजच्या नकलेचें काम एका माणसाकडे नेमून दिलें. तरीहि प्रत्येक मेजावर एक चिठ्ठी चिकटविलेली आहे: ‘सूचना आली तर थांबा. दुसऱ्यानें काय लिहिलें तें आधीं वाचा.’ ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेढीवरच्या कारकुनाला वही नसल्यामुळें थांबावें लागे. आपणांस वही समोर असतांहि थांबावयाचें आहे. तो क्षणभराचा विराम राखला, म्हणजे एकाच्या लिहिण्यानें दुसऱ्याचें लिहिणें पुसलें जाणार नाहीं, आणि त्या ओळींत ज्याचें नांव आहे त्या दूरच्या माणसाची हानि टळेल.