कचरा जळाला, हिशेब उरला

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेण्यात आला व त्याच वर्षी जाळण्यात आला. एवढ्याने कर्तव्य पार पडले, असे कोणी समजू नये! २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती साऱ्या जगाने पाहिली. परंतु कारखान्याच्या आवारात टाकलेले व पुरलेले विष जमिनीतून मुकाट्याने आसपासच्या पाण्यात उतरत राहिले. त्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. तोपर्यंत विहिरींचे व हातपंपांचे ते पाणी कोण आणि किती वर्षे प्याले? मातीत विष किती, एवढेच मोजून भागणार नाही. ते कोणत्या वाटेने, कोणाच्या शरीरात, किती काळ गेले, हे घरोघर जाऊन विचारले पाहिजे. वायुकांडानंतर जन्मलेल्या मुलाने तो वायू श्वासात घेतला नाही. पाणी मात्र तेच प्यायले! कचऱ्याचे वजन काट्यावर होते. माणसांच्या देहात गेलेल्या विषाचा हिशेब सरकारनेच मांडला पाहिजे. तो मांडल्यावाचून भोपाळचे प्रकरण मिटले, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.